दाराबाहेरची मंडळी

माझ्या दाजींचा मला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नसेल. त्यांनी माझं काही वाकडं केलं होतं असंही नाही. उलट वडील गेल्यावर मला शिकवलं त्यांनी, साबणाच्या कारखान्यात चिकटवलं त्यांनी, लग्नात बापाच्या जागी उभे राहिले तेच. त्यांचा गुन्हा एकच होता. आमच्या ख्रिस्ती प्रार्थना मंडळीत ते एकटे खरं बोलले.

दाजी सव्वीस वर्षं साबण कापत होते. थिजलेल्या साबणाची लादी टेबलावर आली की आधी तिच्यावर अंगठा दाबून बघायचे. "कच्ची आहे, थांबा," म्हणाले की मुकादमही थांबायचा. मग तारेची चौकट एका दमात ओढायचे आणि वड्या एकीसारखी दुसरी पडायच्या. कॉस्टिक सोड्यानं बोटांना कायमच्या चिरा पडलेल्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगाला साबणाचा वास. ताई म्हणायची, "यांना पावसात उभं करू नका, फेस येईल."

सुवार्ता, म्हणजे प्रभूची गोष्ट, सांगायची त्यांना भारी हौस. खिशात पत्रकांची चळत, आणि समोर कोण आहे याचा काही विधिनिषेध नाही. दाढी करायला बसले की न्हावीच सुटकेची वाट बघायचा. इतकी वर्षं बोलून बोलून त्यांनी मंडळीत नवीन माणूस आणला असेल तर एखाददुसरा. मी त्यावरून त्यांना चिडवायचो आणि ते हसायचे.

आमची मंडळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. बाहेरून लोखंडी जिना, वर हातभर जागा, मग दार. जेमतेम पन्नास माणसं, त्यातली आम्ही आठ कारखान्यातली. त्या वर्षी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी पहिल्या काही शतकांतल्या मंडळीचा इतिहास सांगायला घेतला होता. एका रविवारी त्यांनी सांगितलं की ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या दिवसांत सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला की जीव वाचायचा, आणि पुष्कळांनी तो टाकला. पुढे त्यांना परत यावंसं वाटलं, तेव्हा कितीतरी दिवस ते दाराबाहेर उभे राहायचे आणि आत जाणाऱ्यांना म्हणायचे, माझ्यासाठी प्रार्थना करा. जे तुरुंगात जाऊनही डगमगले नव्हते, त्यांच्या शब्दाला वजन असायचं. त्यांनी म्हटलं याला आत घ्या, तर बरेचदा घेतलं जायचं. आम्ही माना डोलावल्या. इतक्या जुन्या माणसांसाठी हळहळायला आपल्या खिशातलं काही जात नाही.

त्यानंतर महिन्याभरात कारखाना विकला गेला. नव्या मालकांना असल्या मंडळ्यांचा तिटकारा होता. का, ते कोणी सांगितलं नाही. प्रत्येकाला साहेबांच्या खोलीत बोलावून एक छापील कागद पुढे करायचे. त्यात अकराव्या ओळीत लिहिलं होतं : मी अशा कोणत्याही प्रार्थना मंडळीचा नाही आणि कधी नव्हतो. सही करा, नाहीतर घरी जा.

ताईची मूत्रपिंडं तोवर निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा तिला कारखान्याच्याच दवाखान्यात यंत्राला लावायचे. दाजींनी मंगळवारी सही केली. बुधवारी आमच्या पॅकिंग खात्याचा नंबर लागला आणि मीही केली. माझी बायको ठणठणीत होती, मुलं शाळेत जात होती, मला कसली सबब नव्हती. मला फक्त भीती वाटली. घरी येऊन सांगितलं, आमच्या खात्याला अजून बोलावलेलं नाही, आणि पुढेही तेच सांगत राहिलो. बाकीच्या पाच जणांनीही आपापल्या घरी असंच काहीतरी सांगितलं असणार. एक झाडूवाली मावशी तेवढी पेन खाली ठेवून, झाडू कोपऱ्यात उभा करून निघून गेली. त्यानंतर ती मंडळीतही दिसली नाही.

रविवारी उपासनेच्या मध्येच दाजी उठले. मला वाटलं, देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उठले असतील.

"मी मंगळवारी लिहून दिलं, की मी तुमच्यातला नाही," ते म्हणाले. बस, एवढंच. मग चपला घालून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

पाळकसाहेब मागोमाग धावले. "अहो, आत या. तो त्यांचा नियम होता. आपल्याकडे तसं काही नाही."

"मग आपल्याकडे कसं आहे?" दाजींनी विचारलं.

आम्ही सहा जण गीताचं पुस्तक चाळत बसलो. कोणीतरी दाजींसाठी प्रार्थना केली, फार सुंदर केली, आणि आम्ही आमेन म्हणालो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. स्वतः बुडाले ते बुडाले, आता दर रविवारी मला त्यांच्यासमोरून आत जावं लागणार होतं.

तसंच झालं. दहा महिने ते तिथे उभे. थंडीत कानाला मफलर, उन्हात डोक्यावर रुमाल. आत जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "प्रार्थनेत माझी आठवण ठेवा." मलाही म्हणायचे, आणि मी "हो दाजी" म्हणायचो. पत्रकं वाटणं त्यांनी बंद केलं होतं. त्यांचं म्हणणं, कोणत्या तोंडानं वाटू? पण खालचा सायकलवाला, जो वीस वर्षं आमची गाणी ऐकून कधी पायरी चढला नव्हता, तो एक दिवस हात पुसत वर आला.

"काका, तुम्हाला आत घेत नाहीत का?"

"घेतात हो. मीच जात नाही. नोकरीसाठी मी देवाला ओळखत नाही म्हणून सही केली."

सायकलवाल्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "असं कोणी सांगतं होय?" पुढच्या रविवारपासून तो दाजींच्या खालच्या पायरीवर बसून पाळकसाहेबांचा उपदेश ऐकू लागला. नंतर आपल्या बायकोलाही घेऊन आला.

ताई आत एकटी बसायची. वसंतात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. तिला मी काही सांगितलं नाही, पण तिला कळायचं ते कळलंच.

"यांना आत आण रे," ती म्हणाली. "एकदा माझ्या शेजारी बसून प्रभुभोजनाची भाकर घेऊ देत. मला बाकी काही नको."

"ताई, माझं ऐकतील का ते?"

"तुझं नाही ऐकणार. मावशीचं ऐकतील. तिनं सही नाही केली ना."

मी मावशीला शोधत गेलो. ती एका खानावळीत भांडी घासत होती, कोपरापर्यंत हात फेसात. मला बघून तिनं स्टूल पायानंच पुढे सरकवलं. मी दाजींचं सांगितलं, ताईचं सांगितलं. तुमच्या शब्दाला वजन आहे, असंही म्हणालो.

"वजन!" मावशी म्हणाली. "दहा महिन्यांत मंडळीतलं कुत्रं फिरकलं नाही माझ्याकडे. तुझे दाजी तेवढे येतात दर शनिवारी. साबणाचे तुकडे ठेवतात, घोटभर पाणी पितात, जातात."

"तुम्हाला कधी म्हणाले नाहीत, की मला आत घ्यायला सांगा?"

"नाही म्हणाले. आणि मला तरी कुठे सुचलं? बरं, येते मी रविवारी." तिनं एक पातेलं विसळून पालथं घातलं. "मला गुरुवारी बोलावलं होतं, सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी सकाळी साहेबांचं टेबल मीच पुसलं. आपल्यातल्यांचे कागद वेगळे काढून ठेवले होते, साहेबच शिपायाला तसं सांगत होते. मला वाचता येत नाही, पण मोजता येतं. सात होते."

"मावशी," मी म्हणालो, "कोणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? कागद तुझा आहे."

मी दाजींसाठी शब्द मागायला गेलो होतो आणि स्वतःसाठी गप्प बसण्याचं वचन घेऊन आलो. वाटेत मला हलकं वाटत होतं, हे सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं.

रविवारी मावशी आली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. मी ताईजवळ बसलो होतो, दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"चला आत," मावशी दाजींना म्हणाली. "मी सांगते ना, चला."

दाजींना रडू फुटलं. एवढा मोठा माणूस कठडा धरून हुंदके देत होता. "तुम्ही आधी," ते म्हणाले.

मावशी उंबऱ्यापर्यंत आली. तिनं आत नजर फिरवली. माझ्यावरून, त्या पाचांवरून. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. मग ती माघारी वळली.

"आज नको," ती म्हणाली. "आज मी इथे तुमच्याजवळच बसते."

ताईनं माझा हात दाबला. "मला उठव."

मी तिला धरून दारापर्यंत नेलं. सायकलवाल्यानं आपला कोट काढून पायरीवर अंथरला, आणि ती दाजींच्या खांद्याला टेकून बसली. जागा अपुरीच होती, पण माझ्यापुरती होती. ताईनं वर बघितलं, तिला वाटलं मी बसतोय. मी आत येऊन माझ्या बाकावर बसलो. बाहेर बसलो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, तू का?

पाळकसाहेबांनी भाकर मोडली, तबक उचललं आणि आमच्याकडे न येता सरळ दारात गेले.

"पाळकसाहेब, मला चालेल का?" दाजींचा आवाज.

"मला माहीत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पण मावशी चालेल म्हणतायत."

मग ताई हसली. किती महिन्यांनी हसली होती ती.

पाळकसाहेब आत आले. तबक घेऊन पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "घेण्याआधी कोणाला काही बोलायचं असेल, तर बोला." ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांना काही ठाऊक होतं की काय, मला आजही कळलेलं नाही. माझ्या पुढच्या बाकावर त्या पाचांतला एक होता, त्याची मान लालबुंद झालेली मला दिसत होती. तो उठला असता तर मीही उठलो असतो. तोही कदाचित माझीच वाट बघत असेल. तबक माझ्यापर्यंत आलं, आणि मी हात पुढे केला. भाकरीचा तुकडा कोरडा होता, घशाखाली उतरेना. मी उतरवला.

ताई त्यानंतर सात आठवडे होती. दाजींच्या शेजारी ती प्रभुभोजनाला बसली ती तेवढी एकदाच, दाराबाहेर, परक्या माणसाच्या कोटावर.

त्या दिवशी उपासना सुटल्यावर मी बाहेर आलो. दाजी ताईला सावरून उभे होते. डोळे सुजलेले, पण चेहरा धुऊन काढल्यासारखा. मला बघताच त्यांनी काळजीनं विचारलं, "अरे, तुला भाकर मिळाली ना? बाहेर आधी वाटली, म्हटलं आत तुम्हाला पुरते की नाही."

"मिळाली, दाजी," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि जिना अरुंद म्हणून ताईला जवळ ओढून मला आधी उतरायला वाट करून दिली.