माझ्या जागी नसीम

"पूर्ण तुटलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे बघ, इथे एक काळी तिरकी पट्टी दिसायला हवी. दिसतेय तुला?"

दिसत नव्हती. माझ्या उजव्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये त्या जागी नुसतं ढगाळ, करडं काहीतरी होतं.

परळच्या त्या हॉस्पिटलात माझ्या एका बाजूला आई बसली होती, दुसऱ्या बाजूला आमच्या क्लबचे फिजिओ. आईने विचारलं, "नीट चालेल ना हो तो?" फिजिओंनी विचारलं, "मॅडम, मैदानावर कधी?" माझ्या डोक्यात मात्र एकच आलं. आता सगळे सामने नसीम खेळणार.

जे तुटलं होतं त्याला अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट म्हणतात, बोलताना एसीएल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या मधोमध बांधून ठेवणारा हा दोरीसारखा पट्टा. धावता धावता अचानक वळलात किंवा उडी मारून उतरलात, तर नडगी पुढे घसरू न देणं हे त्याचं काम. तो तुटला तरी माणूस सरळ रस्त्यावर चालू शकतो. फुटबॉल मात्र खेळू शकत नाही.

हा रिपोर्ट ज्यांच्या हातात नुकताच पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. गुडघा दुखेल, पाय बारीक होईल, धीर धरा, हे तुम्हाला सगळे सांगतील. हेव्याबद्दल कुणी सांगणार नाही. मला तरी सांगितलं नव्हतं.

नसीम अल्जीरियाचा, ओरान शहराजवळच्या एका गावचा. वयाने माझ्याहून बराच मोठा, तिशी ओलांडलेला. आपल्या देशात खेळून तो फ्रान्सला गेला, मग ट्युनिशिया, मग आखातातले दोन-तीन क्लब, आणि त्या हंगामात आमच्याकडे मुंबईत आला. सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध उभा राहणारा बचावपटू. तीच माझीही जागा. काही हंगाम मी ती टिकवून होतो. तो आला आणि मी बाकावर गेलो.

तो वाईट खेळला असता तर बरं झालं असतं. पण तो कधी घाई करायचा नाही. समोरचा फॉरवर्ड कुठे जाणार हे त्याला आधीच कळल्यासारखा तो तिथे जाऊन उभा राहायचा, आणि त्याची शॉर्ट्स सामन्यानंतरही स्वच्छ असायची. मी घसरून, लोळून चेंडू काढायचो. माझ्यासाठी टाळ्या पडायच्या. त्याच्यासाठी कोच नुसती मान हलवायचे, आणि ती मान मला हवी होती.

गुडघा गेला तो सरावात. आमच्या दोन संघांत सामना चालला होता. उंच आलेला चेंडू माझा नव्हता, तरी कोच बघतायत म्हणून मी झेपावलो. उतरताना बूट गवतात अडकला, अंग वळलं, पाय वळला नाही. आतून टक् असा आवाज आला. माझ्याजवळ सगळ्यात आधी पोचला तो नसीम. त्याने माझ्या गुडघ्याला हातही लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाकीच्यांना मागे सारलं. त्याला तेव्हाच कळलं असावं.

ऑपरेशन आर्थ्रोस्कोपीने झालं, म्हणजे बारीक छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालून. माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूचा एक तंतू काढून त्याचा नवा लिगामेंट बनवला. याला ग्राफ्ट म्हणतात. कमरेखाली बधिर केलेलं असतं, त्यामुळे ड्रिलचा आवाज ऐकू येतो. घाबरू नका. सुतारकामासारखा वाटतो आणि थोडंफार तसंच ते असतं.

दुसऱ्या दिवशी नसीम सरावावरून सरळ हॉस्पिटलात आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हॅमस्ट्रिंग?" ग्राफ्ट कुठून घेतला हे तो विचारत होता. मी हो म्हटलं. त्याने गॅरेजवाल्याने गाडीकडे बघावं तसं ब्रेसमधल्या पायाकडे बघितलं. "गुड," म्हणाला. आई त्याला चहा आणायला धावली.

आमचं घर दादरला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा. उतरताना उलट. हे हॉस्पिटलात शिकवतात, पण घरच्या जिन्यावर विसरायला होतं. तेव्हा कुणीतरी एक पायरी खाली उभं राहील असं बघा. माझ्या खाली बाबा उभे राहायचे. ते बँकेतून निवृत्त झालेले, वजनाने माझ्या निम्मे. मी पडलो असतो तर दोघंही पहिल्या मजल्यावर सापडलो असतो.

नसीम घरीही यायला लागला. क्लबने त्याला वरळीला फ्लॅट दिला होता, तिथे तो एकटाच राहायचा. आईने एकदा त्याला कोलंबीभात आणि सोलकढी वाढली, आणि तो जेवला ते बघून तिचा जीवच जडला त्याच्यावर. तो तिला आई म्हणायला लागला. मला हाक मारताना ती चुकून नसीम म्हणाली, तेव्हा मी पाय दुखतोय सांगून आत जाऊन पडलो.

बाबांना तर कितीतरी वर्षांनी फुटबॉलवर बोलायला माणूस मिळाला. "केदार, ऐक, हा काय म्हणतोय," ते मला बोलवायचे. मी ऐकायचो. तो बरोबर बोलायचा, हेच तर दुखायचं.

आमच्या संघाचा एक महत्त्वाचा सामना मी घरी टीव्हीवर बघितला. पाय उशीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. शेवटी शेवटी कॉर्नरवर नसीमने डोक्याने गोल मारला. आई-बाबा उठून ओरडले. मी टाळी वाजवली, कारण आई वळून बघणार हे माहीत होतं. आपला संघ हरावा असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं. फक्त एका माणसामुळे.

परळच्या फिजिओथेरपीत तर मी कुणावरही जळायचो. माझ्या बाजूच्या टेबलावर लालबागच्या एक काकू होत्या, दोन्ही गुडघे बदललेल्या, सत्तरीच्या. त्यांचा गुडघा माझ्या आधी काटकोनात वाकला. "तुमचं तरुण रक्त ना, तुमचं होईल हो," त्या मला समजावत होत्या. माझ्या मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, इतका सुकला होता की दोन्ही पाय एकाच माणसाचे वाटत नव्हते. टाच घसरवत गुडघा वाकवा, गुडघ्याखालचा टॉवेल दाबा, सरळ पाय उचला. हे व्यायाम इतके साधे असतात की करणाऱ्याला लाज वाटते. तरीही करा.

डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट मला बजावून सांगितली होती. "नवा ग्राफ्ट सुरुवातीला मेलेल्या दोरीसारखा असतो. त्यात रक्तवाहिन्या वाढायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी तुला वाटेल, मी बरा झालो. सूज नसेल, दुखणार नाही. पण तेव्हाच तो सगळ्यात कच्चा असतो. कळलं का?"

कळलं होतं. आणि तो काळ आला तेव्हा मी बूट घातले.

पुढच्या हंगामासाठी क्लब कुणाला ठेवणार याची कुजबुज मला मित्राकडून कळली होती. नसीमचं नाव पक्कं होतं म्हणे. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाजी पार्कात गेलो. आधी हळू धावलो. काहीच दुखलं नाही. मग वेग वाढवला, आणि मग एकदम वळून दाखवायचं ठरवलं. कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे.

"केदार!"

नसीम आईचा डबा परत करायला घरी गेला होता, आणि तिने त्याला मी पार्कात आहे म्हणून सांगितलं होतं. तो इतक्या जोरात ओरडला की क्रिकेटच्या नेटमध्ये खेळणारे थांबले. मी थांबलो नाही तर तो धावत आला आणि माझा टीशर्ट मागून धरला.

"सोड," मी म्हणालो. "तुला काय फरक पडतो? तू खेळतोयस ना माझ्या जागी?"

त्याने मला कट्ट्यावर नेऊन बसवलं आणि स्वतःच्या ट्रॅकपँटचा डावा पाय वर केला. गुडघ्यावर दोन ऑपरेशनांच्या खुणा होत्या, एकमेकांवरून गेलेल्या. ड्रेसिंग रूममध्ये तो नेहमी पट्ट्या बांधून असायचा, त्यामुळे मी त्या कधी बघितल्या नव्हत्या.

मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये हिंदी घालून तो बोलला. फ्रान्समध्ये तो मोठ्या क्लबात पोचला होता. एसीएल गेला. त्याच्या जागी एक तरुण पोरगा आला आणि चांगला खेळायला लागला. नसीमला ते बघवेना. डॉक्टर नको म्हणत असताना तो परतला, आणि थोडेच सामने खेळून तोच गुडघा पुन्हा गेला. क्लबने सोडलं. त्यानंतर जिथे जिथे गेला तिथे छोटे क्लब, छोटे करार, आणि दर वेळी मेडिकल तपासणीच्या आदल्या दिवशी गुडघ्यावर बर्फ.

"तुझी जागा मी घेतली," तो म्हणाला. "हो, घेतली. तू परत ये आणि माझ्याकडून घे. मी देणार नाही, तुला झगडावं लागेल. पण हा गुडघा घेऊन नको येऊस. मला मजा नाही येणार."

मी रडलो. तो बाजूला बसून राहिला आणि बराच वेळ नेटमधला क्रिकेटचा खेळ बघत होता. मग त्याने विचारलं, "हे लोक एवढं थांबतात कशाला मध्ये मध्ये?"

त्या दिवसानंतर मी मॅडमचं शब्दशः ऐकलं. हेवा गेला असं नाही. पण आता मला तो पळायला लावत नव्हता, टॉवेल दाबायला लावत होता.

हंगाम संपत आला तेव्हा नसीमचा गुडघा प्रत्येक सामन्यानंतर सुजायला लागला. तो त्याच डॉक्टर मॅडमकडे गेला आणि मला सोबत चल म्हणाला. "मला फक्त चांगलं तेवढंच ऐकू येतं," तो म्हणाला. "बाकीचं तू ऐक."

मॅडमनी त्याचा एमआरआय बराच वेळ बघितला. हाडांच्या टोकांवर कार्टिलेजची गुळगुळीत गादी असते. त्याची ती बऱ्याच ठिकाणी झिजून संपली होती, हाडावर हाड घासत होतं.

"आणखी एक हंगाम?" त्याने विचारलं.

"खेळशील," मॅडम म्हणाल्या. "मग फार लवकर गुडघा बदलायला लागेल. आत्ता थांबलास तर आणखी कितीतरी वर्षं स्वतःच्या पायांवर जिने चढशील. मी तुझ्या घरची असते तर थांब म्हटलं असतं."

ते चांगलं नव्हतं, पण त्याने सगळं ऐकलं. उठला, त्यांच्याशी हात मिळवला.

बाहेर बाकड्यांवर प्लास्टर घातलेले, कुबड्यावाले लोक नंबरची वाट बघत होते. नसीम भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आता जागा रिकामी आहे."

"मला अशी नकोय," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला. "मला तुझ्याकडून घ्यायची होती."

"मिळेल तशी घे," तो म्हणाला. "गावच्या क्लबात मला पहिला सामना मिळाला तो एकाचा घोटा मोडला म्हणून. मी त्याला बघायलाही गेलो नव्हतो. तू आलास."

तो गेला तेव्हा आईने सोबत न्यायला चकल्या आणि सोलकढीसाठी आमसुलं बांधून दिली. आता तो ओरानला लहान मुलांना शिकवतो. त्याचे व्हॉइस मेसेज येतात, बाबाच जास्त ऐकतात.

मी परत खेळतो आहे. पूर्वीसारखा नाही, थोडा वेगळा. दुखणं कमी झालं तरी व्यायाम सोडू नका, आणि मॅडमसारखं खरं सांगणारं माणूस शोधा. मला सांभाळणाऱ्या सगळ्यांचे, लालबागच्या काकूंचेसुद्धा, आभार मानायचे आहेत.

आणि एक. या हंगामात क्लबने सर्बियाचा एक नवा सेंटर बॅक आणलाय. उंच, तेवीस वर्षांचा, दोन्ही गुडघे ठणठणीत. परवा सरावात त्याने माझ्या डोक्यावरून चेंडू काढला आणि कोचनी मान हलवली. मी आतून पेटलो. घरी येऊन आधी नसीमला फोन केला आणि त्या पोराला यथेच्छ शिव्या घातल्या. तो पलीकडून हसत होता.

"मग तू बरा झालास," म्हणाला.