मनगटावर बंद पडणारं घड्याळ

भोईरसाहेब चौथ्यांदा जिना चढून आले तेव्हा त्यांनी नमस्कारही केला नाही. मनगटावरचं घड्याळ सोडलं, काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, परत बंद. डोंबिवलीहून निघालो तेव्हा चालू होतं. मुंब्र्याला बघितलं तर काटे जागच्या जागी."

मी घड्याळ उचलून कानाला लावलं. टिकटिक चालू होती. काटे मात्र पाऊण तास मागे.

"चालतंय की," मी म्हणाले.

"तेच तर. तुमच्यासमोर शहाण्यासारखं वागतं. टेबलावर ठेवलं की दोन दिवस चालतं. हातात घातलं की तासाभरात संप."

नौपाड्यात पहिल्या मजल्यावर आमचं घड्याळ दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मालक केळकर सर. मी तिथली मुख्य कारागीर. सुरुवातीला मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेशर गेज जुळवायचे. बारीक कामाला हात बसला आणि तिथून घड्याळांकडे वळले. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरीही नवीन गिऱ्हाईक आलं की मला विचारतं, "कारागीर कुठे बसतात?"

भोईरांचं घड्याळ त्यांच्या वडिलांचं. सोन्याचं, चपटं, चावीचं. रोज सकाळी बाजूचं बटण फिरवून चावी द्यायची. साईच्या रंगाची डायल, आकड्यांच्या जागी बारीक रेघा, आणि फक्त दोन काटे. अशा घड्याळाला ड्रेस वॉच म्हणतात, म्हणजे लग्नाकार्यात मिरवायचं घड्याळ. ते बाहीखाली अलगद सरकलं पाहिजे, म्हणून पातळ. त्यात तारीख नसते, बहुतेक वेळा सेकंद काटाही नसतो. प्रत्येक जादा काटा म्हणजे आत आणखी एक चाक आणि बाहेर आणखी जाडी. या घड्याळाचं आतलं अख्खं मशीन, आम्ही त्याला मूव्हमेंट म्हणतो, पाच रुपयांच्या नाण्याएवढं जाड होतं. तेवढ्यात स्प्रिंग, चाकं, आणि इकडून तिकडे झोके घेणारं बॅलन्स व्हील. हे व्हील म्हणजे घड्याळाचं काळीज. ते थांबलं की सगळं थांबलं.

पहिल्यांदा मी घड्याळ पूर्ण उघडून साफ केलं, नवीन तेल दिलं. दुसऱ्यांदा स्प्रिंग बदलली. तिसऱ्यांदा मॅग्नेटचा संशय घेतला. मोबाईल किंवा स्पीकरजवळ ठेवल्याने घड्याळात चुंबकत्व शिरतं, ते मी काढलं. दर वेळी टायमिंग मशीनवर लावून बघितलं. हे मशीन टिकटिक ऐकतं आणि स्क्रीनवर रेघ काढतं. रेघ सरळ आली म्हणजे तब्येत ठणठणीत. घड्याळ उताणं, पालथं, उभं, आडवं ठेवलं. रेघ दर वेळी सरळ.

"बारा दिवसांवर मुलीचं लग्न आहे," भोईर म्हणाले. "माझ्या लग्नात बाबांच्या हातात हे घड्याळ होतं. मला ते घालून मांडवात उभं राहायचंय. बंद घड्याळ घालून नाही."

केळकर सर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"साहेब, एक उपाय आहे. आतलं मशीन काढून बॅटरीचं टाकू. डायल तीच, केस तीच. बाहेरून कोणाला कळणार नाही."

"टाका मग," भोईर म्हणाले. "मला चालण्याशी मतलब."

मला ते पटलं नाही. त्या मशीनच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा कुणीतरी हाताने घासून आरशासारख्या केलेल्या होत्या. झाकण बंद झाल्यावर त्या कुणाला दिसणारही नव्हत्या, तरी केलेल्या होत्या. असं मशीन काढून पाकिटात भरून परत द्यायचं म्हणजे मला हार मानल्यासारखं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर दोष सापडत नाही याचा रागही होता.

"मला चार दिवस द्या," मी म्हणाले. "नाही जमलं तर बॅटरी."

भोईर 'बरं' म्हणून गेले. सर म्हणाले, "मीनाताई, चार म्हणजे चार."

टेबलावर चालतं आणि हातात बंद पडतं, तर हातातच घालून बघायचं ठरवलं. मी दोन दिवस ते घड्याळ घातलं. वर्तकनगरच्या घरापासून वर्कशॉपपर्यंत, भाजी घेताना, रिक्षात, कणीक मळताना. घड्याळ एकदाही थांबलं नाही. दोन दिवसांत मिनिटभर पुढे गेलं, बस.

तिसऱ्या दिवशी मी ते सरांना दिलं. "आज तुम्ही घाला."

सर खूश झाले. त्यांना त्या दिवशी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीच्या परचेस मॅनेजरला भेटायचं होतं. सोन्याचं घड्याळ घालून गेले. दुपारी परत आले ते लालबुंद होऊन.

"तो माणूस माझी वाट बघून जेवायला निघून गेला. मी खाली चहा पीत बसलेलो. घड्याळात अजून अर्धा तास बाकी होता."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. "सर, काढू नका. हात इकडे करा."

मी त्यांच्या मनगटाला कान लावला. आमचा अकाउंटंट दारातून आत आला, हे दृश्य बघितलं आणि तसाच परत गेला. घड्याळ गप्प होतं. मी पट्टा एक भोक सैल केला आणि टिकटिक सुरू झाली. परत घट्ट केला तर बंद. सैल केला तर चालू.

सरांचा हात जाडजूड. पट्टा ते करकचून बांधतात. माझं मनगट बारीक, त्यामुळे माझ्या हातात तेच घड्याळ सैल होतं.

मी घड्याळ सोडवून घेतलं आणि मागच्या झाकणावर अंगठा दाबला. बंद. अंगठा उचलला, चालू. मग झाकण उघडून आतली बाजू भिंगाखाली धरली. खसखशीच्या दाण्याहून लहान असा, घासून पडलेला एक चकचकीत ठिपका तिथे दिसला. घड्याळ पातळ व्हावं म्हणून झाकणही पातळ केलेलं, आणि झाकण आणि बॅलन्स व्हील यांच्यामध्ये केसाएवढी फट. पूर्वी कधीतरी पॉलिश करताना झाकण आणखी झिजलेलं असावं. पट्टा घट्ट बांधला की मनगट झाकणाला आत दाबत होतं आणि झाकण थेट काळजावर टेकत होतं.

मी ते झाकण तीन वेळा उघडलं होतं. तिन्ही वेळा पालथं घालून बाजूला ठेवलं होतं.

भोईरांना फोन केला, ते संध्याकाळी आले. मी अंगठ्याचा प्रयोग करून दाखवला. त्यांनी शांतपणे बघितला.

"म्हणजे घड्याळ चांगलं आणि मी घालतो ते चुकीचं, असं का?"

"चुकीचं नाही. घट्ट घालता. लांब पट्टा लावून सैल घातलंत तर बंद पडणार नाही."

"मॅडम, बाबांचा हात माझ्या दीडपट होता. त्यांच्या हातात तीस वर्षं कसं चाललं मग?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. भोईर उठले. "तुम्ही बॅटरी टाका. मला आता रिस्क नको."

दुसऱ्या दिवशी मी मशीन काढायला घेणार, तेवढ्यात भोईर परत आले. बरोबर त्यांची आई. ऐंशीच्या पुढच्या, हिरवं लुगडं, काठी टेकत जिना चढून आलेल्या. खुर्चीवर बसून त्यांनी आधी दम घेतला.

"बाय, तूच का घड्याल करनारी?" त्यांनी मला विचारलं. "यो सांगतो, आतला मशीन काढून टाकनार. आतला काढला तं त्यांचा काय रायला त्याच्यात?"

"आई, बंद पडतं ते," भोईर म्हणाले. "या म्हणतात सैल घाला. बाबा काय सैल घालायचे?"

"मंग?" आई म्हणाल्या. "सैलच घालायचे. तुला ठाव नाय?"

आई माझ्याकडे वळल्या.

"मिठागरात काम केलेला मानूस तो. मिठानं मनगटाची कातडी सोलून निघायची. मी खोबरेल लावून द्यायची. घट्ट कायपन सोसायचा नाय त्यांना, सदऱ्याची बाही पन नाय. नंतर मुकादम झाले, तवा यो घड्याल घेतला. हात बरा झालेला, पन सवय मोडली नाय. बांगडीसारखा खाली-वर व्हायचा."

भोईरांनी घड्याळ हातात घेतलं. मग म्हणाले, "जेवायला बसले की कोपराकडे सारायचे. मला वाटायचं, स्टाईल आहे." घड्याळ परत ठेवत म्हणाले, "आम्ही पोरं नक्कल करायचो त्याची."

सरांनी न सांगता सगळ्यांसाठी चहा मागवला. बॅटरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

झाकण आतून ठोकून बाहेर फुगवता आलं असतं. पण सोनं इतकं पातळ होतं, आणि मागे वडिलांचं नाव कोरलेलं. मी तो धोका घेतला नाही. नेहमीपेक्षा दोन इंच लांब असा पट्टा आमच्या ओळखीच्या चामडेवाल्याकडून करून घेतला. पट्टा बांधल्यावर घड्याळाखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, हे भोईरांना तीनदा करायला लावलं. त्यांनी पाच दिवस घालून बघितलं. रोज सकाळी फोन यायचा. "चालू आहे." एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

लग्न कल्याणला होतं. मी आणि सर दोघंही गेलेलो. भोईर मांडवात पाहुण्यांच्या गराड्यात होते. अक्षता टाकायला त्यांनी हात वर केला आणि घड्याळ घसरत थेट कोपराच्या जवळ गेलं. हात खाली आला तसं तेही खाली आलं. पुढे बसलेल्या त्यांच्या आईने ते बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या मोबाईलमधली वेळ बघितली आणि जेवायच्या रांगेत भोईर भेटले तेव्हा त्यांच्या डायलशी ताडून पाहिली. बरोबर होती.

तेव्हापासून सरांनी आमच्या जॉब कार्डवर एक नवीन ओळ छापून घेतली आहे. घड्याळ उघडण्याआधी ती भरून घ्यायची, हा नियम. ओळ अशी: 'ग्राहक घड्याळ कसे घालतो?'

बहुतेक लोक तिथे 'डाव्या हातात' असं लिहितात. त्यामुळे आता मी लिहून घेत नाही, घालूनच दाखवायला सांगते.