जोगव्याचं पाचवं घर

त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. भांडण असं काही नव्हतं; पण दुकान आणि संसार एकदमच मोडल्यावर रोज सकाळी उठून फुलं वाहायची ती कशासाठी, हे मला कळेना. गुलमंडीजवळ आम्हा दोघांचं ड्रेस मटेरियलचं दुकान होतं. आधी उधारी तुंबली, मग बँकेचे हप्ते थकले, मग नवरा म्हणाला, "आता माझ्यानं होत नाही." हे तो दुकानाबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते समजायला मला बरेच दिवस लागले. शेवटी दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला. दुकान आणि कर्ज माझ्या नावावर, म्हणून दिवाळखोरीचा अर्ज मात्र मी एकटीनंच केला.

वकीलबाई मायाळू होत्या. माझ्याकडं काय काय शिल्लक आहे ते विचारताना त्यांची नजर गळ्याकडं गेली. म्हणाल्या, "मंगळसूत्र यात धरत नाहीत हं, ते बाईकडून घेता येत नाही." मला इतकं हसू फुटलं की त्यांनी घाबरून पाणी मागवलं. एका कोर्टात ते कुणी माझ्याकडून घेऊ शकत नव्हतं आणि दुसऱ्या कोर्टात मीच ते उतरवायची परवानगी मागत होते. निघताना त्यांनी बजावलं, की दसऱ्यानंतरच्या तारखेला ज्यांचे पैसे द्यायचेत ते सगळे येतील, तुम्ही हजर राहिलंच पाहिजे. नाहीतर अर्ज फेटाळला जाईल आणि सगळे पुन्हा तुमच्या दारात येतील. मी हो म्हणाले आणि घरी येऊन न जायचं ठरवलं.

कारण एकच, काकू. आम्हाला ठोक माल देणाऱ्या व्यापारी म्हणजे या काकू. नवऱ्यामागं त्यांनी पेढी सांभाळली आणि आमच्या दुकानात पहिला माल त्यांनीच नुसत्या शब्दावर भरला. दुकान बंद झाल्यापासून त्यांचा रोज फोन यायचा. मी नाव बघायची आणि फोन उशीखाली सारायची. बँकेच्या माणसांची भीती वाटत नव्हती, पण कोर्टात काकूंच्या डोळ्यांत बघणं मला जमणार नव्हतं. दसऱ्याआधीच नाशिकला मावशीकडं निघून जायचं, मागं काय व्हायचं ते होवो, असं मी मनाशी पक्कं केलं.

मावशी म्हणाली, "ये की, घर तुझंच हाय. पण आईची परडी भरून ये. नवरात्रात ती रिकामी ठेवून निघू नको."

आई नवरात्रातल्या मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात वेताची परडी घेऊन पाच घरी देवीचा जोगवा मागायची. तिच्यामागं ते माझ्याकडं आलं, पण माझी तऱ्हाच वेगळी. आमच्याच बिल्डिंगमधली पाच घरं, तीही आधी फोन करून, म्हणजे त्यांनी पीठ-तांदूळ काढून ठेवावेत. मागणं कसलं ते, सामान आणायला गेल्यासारखंच. आता तो फ्लॅट गेला होता, आणि त्या पाचही घरांना माझं सगळं ठाऊक होतं. म्हणून कुणी ओळखीचं भेटू नये अशी गारखेड्यातली एक कॉलनी निवडली आणि रिक्षानं तिथं गेले.

पहिल्या फाटकाशी आवाजच फुटेना. एका आजोबांनी "कोण पाहिजे?" विचारलं तेव्हा कसंबसं म्हणाले, "जोगवा वाढा माय," आणि ते हसले. तिसऱ्या घरापर्यंत गळा मोकळा झाला. पहिल्यांदाच मी खरं मागत होते. घरातलं पीठ खरोखरच संपलं होतं.

पाचव्या घराचं दार उघडलं आणि समोर काकू. लेकीकडं घट बसले म्हणून त्या तिथं आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पळावंसं वाटलं, पण हातात परडी असताना दारातून असं फिरता येत नाही. काकूंनी माझ्याकडं बघितलं, परडीकडं बघितलं आणि आत गेल्या. आता जावयाला बोलावणार, असं मी धरून चालले. त्या आल्या त्या सुपात पीठ, मीठ, तांदूळ घेऊन. परडीला हळदीकुंकू वाहिलं, जोगवा घातला, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. मागणारीच्या रूपानं देवीच दारात येते असं आमच्याकडं मानतात. आईच्या पाया पडणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्या होत्या. तरी मी मागं सरकले. "काकू, नका हो."

"तुझ्या नाय पडत मी. गप उभी राहा."

पाया पडून झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तुझं बघते. लई फिरवलंस मला. पैसे बुडाले तर बुडाले, धंद्यात बुडतात. फोन का नाय उचललास? मला वाटलं, पोरगी जिवाचं बरंवाईट करती का काय."

"मला वाटायचं पैसे मागताय."

"ते तर मागणारच होते की. पण आधी तुझा आवाज ऐकायचा होता." मी तिथंच पायरीवर बसून रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तारखेला ये. मी बी येणार हाय. कुणी खात नाय तुला."

नाशिकचं जाणं राहिलं. जोगव्याच्या पिठाची भाकरी खाऊन त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी देवापुढं बसले आणि काहीच मागितलं नाही. तारखेला सगळ्यांसमोर उभी राहिले, विचारलं ते खरं खरं सांगितलं. काकू मागच्या बाकावर होत्या. त्यांची पाळी आल्यावर म्हणाल्या, "माझी हरकत नाय." अर्ज मंजूर झाला, शिल्लक माल विकून ज्याला त्याला जमेल तेवढं मिळालं. पुढं घटस्फोटही झाला. मंगळसूत्र मी स्वतःच्या हातानं उतरवलं.

त्या दारात देवी उभी होती की लेकीकडं आलेल्या काकू, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. लपायला म्हणून मी ती कॉलनी निवडली होती आणि देवीनं मला नेमकं तिथंच नेऊन उभं केलं. माझ्या हातात उरलं होतं ते फक्त मागणं, आणि ते एकदा तिच्या नावावर टाकल्यावर लाज वाटेनाशी झाली. आता मी दुसऱ्याच्या दुकानात पगारावर आहे आणि शांत झोपते.

यंदा नवरात्रातल्या मंगळवारी कुणालाच न कळवता निघाले, आईसारखी. चार घरं झाली होती तेवढ्यात फोन वाजला. काकूंचं नाव दिसलं. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठंवर आलीस? सूप भरून बसले मी."