हुंगून पाह्य!

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. कोणी विषय काढला की उठून चहा सांगायचो. आता टाळायचाही कंटाळा आलाय, म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या साडूंइतका निर्व्यसनी माणूस सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत झाला नाही, आणि त्यांच्याइतकं दारुडा म्हणून नावही त्या भागात कोणाचं झालं नाही.

पांढुर्ण्याला ते व्यापाऱ्यांसाठी संत्री निवडून पेट्या भरून द्यायचे. प्रत्येक फळ आधी नाकाशी. जरा आंबूस वास आला की लांब भिरकावत, "याच्यात दारू बनून राहिली!" खोकल्याच्या औषधातही दारू असते असं कोणीतरी सांगितल्यापासून ते महिना महिना नुसते खोकत. हौस एकच, सुई टोचून घ्यायची. शिंक आली तरी कंपाउंडरपुढे दंड उघडा करून बसत. "गोळी पोटात हरवते, सुई बराबर पत्त्यावर जाते." त्या एका काचेच्या सिरिंजवर तेव्हा अख्खा बाजार बरा व्हायचा.

ऐंशी सालानंतर त्यांना काविळीनं धरलं. जायची, परत यायची. मी सौंसरला एका दवाखान्यात रक्त तपासायचो. त्यांचं रक्त मीच काढून नागपूरला धाडलं. 'बी' काविळीची तपासणी तेव्हा होत असे. 'सी'चं अजून नावही पडलं नव्हतं. उत्तर आलं, बी नाही. सासऱ्यांच्या ओसरीवर साडू सोडून सगळे बसले होते. सासरे म्हणाले, "मंग लिव्हर कायनं खराब होऊन राहिलं, जावईबापू?" 'माहीत नाही' म्हणायची मला, तपासणीवाल्याला, लाज वाटली. बोललो काहीच नाही. मूठ मिटून अंगठा तोंडाकडे नेला, बस.

आठ दिवसांत तो अंगठा पांढुर्ण्यात पोचला. मेहुणीनं धान्याच्या कोठ्यांत हात घालून बाटली शोधली. व्यापाऱ्यांनी दुसरा माणूस पाहिला. साडूंनी यावर आपलाच इलाज काढला. नमस्काराआधी समोरच्याच्या तोंडावर 'हाऽऽ' करून श्वास सोडायचा. "हुंगून पाह्य!" बसचा कंडक्टर, हेडमास्तर, तिगावचा स्टेशनमास्तर, कोणी सुटलं नाही. एका लग्नात वरबापावर 'हाऽऽ' केलं. तो स्वतःच पिऊन आलेला, तोंडावर रुमाल धरून मांडवाबाहेर पळाला. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या डॉक्टरांनी नव्या तपासण्या केल्या. सी निघाला, आणि त्याच्याआड बी दडून बसलेला, नेहमीच्या तपासणीत न दिसणारा; दोन्ही एकाच्या सुईतून दुसऱ्याच्या रक्तात जाणारे. साडू खाटेवर वाळून काडी झाले होते.

"वाचून दाखव, साडभाऊ. दारू लिवली काय?"

"नाही, दादा. दोन जंतू आहेत. एक लपून होता."

"जोरानं वाच. त्या बाजूच्या खाटेवाल्यालेबी आयकू दे."

मी जोरानं वाचलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग ते दारूचं कोणं उठवलं असंन रे?"

"लोक काहीही बोलतात," मी म्हणालो आणि संत्रं सोलायला घेतलं. त्यांनी फोड हुंगली, मान हलवली, खाल्ली.

पुढल्या खेपेला सांगायचं ठरवून मी वाक्य पाठ केलं. सौंसरच्या बसस्टँडवरच ते गेल्याचा निरोप आला. वाक्य अजून पाठ आहे. दादा, तो अंगठा माझा होता. मला माफ करा.