हौशीने उघडलेली पेटी

हौशी आमच्या पाड्यातली. "नवरा सोडून सगळं दुरुस्त केलंस गं," असं मी तिला तोंडावर म्हणायचे, आणि ती खुदकन हसायची. जव्हारला सोलर दिवे जोडायचं शिकून आली, तेव्हापासून सूर्यमाळच्या बाजूला कुणाचा दिवा विझला की तो हौशीच्या ओटीवर. सुटलेल्या तारेला कथलाचा डाग द्यायची, चालू करायची.

गेल्या एप्रिलात पाण्याचा सोलर पंप बंद पडला. प्लेटा चांगल्या, मोटर चांगली, प्लेटांची वीज मोटरला पोचवणारी मधली पेटी गेली. कंपनीवाले फोनवर म्हणाले, "सील तोडू नका, माणूस येईल." अठरा दिवस झाले, माणूस नाही. बाया परत उतार उतरून झिऱ्यावर, वाटी वाटीनं हंडा भरायला. तिथंच म्हातारी कोंडी घसरली. खुबा मोडला.

त्या दिवशी हौशी पेटी घेऊन बसली.

"अगं बाय, सील हाय त्याला!"

"कोंडीआजीच्या हाडाला कुठं सील होतं, काकी?"

उघडली तर आत काळा डिंक ओतलेला, डांबरासारखा घट्ट. निखाऱ्याची धग दाखवत दोन दिवस चमच्यानं खरवडत होती. खाली नखाएवढा जळका तुकडा निघाला. त्याच्यावरचा नंबर मुद्दाम घासून टाकलेला. तसाच दुसरा शोधत पार नाशिकपर्यंत फिरली. दुकानदार म्हणाले, "नंबरच नाही, तर मागवू काय?"

मग कंपनीचा भावेश उगवला. आपल्या जव्हारचाच पोरगा.

"सील कुणी तोडलं? गेली गॅरंटी. आता दुसरी पेटी मिळायची नाही."

"न तोडता तू काय केलं असतंस?" हौशीनं विचारलं.

"मालाची बोट आली की नवी लावली असती."

"आणि ही दुरुस्त?"

तो खाली बघत बोलला, "ताई, आतलं आम्हाला पण कुणी शिकवत नाही. पेट्या चीनवरून येतात. आम्ही वर स्टिकर लावतो."

स्टिकर मी वाचला. 'भारतात बनवलेली' असं लिहिलेलं. चांगला मोठा होता.

"मंग तुमच्या कंपनीपेक्षा माझी हौशी बरी," मी म्हटलं. "तिनं निदान आत तरी बघितलं."

भावेश पंप तसाच बंद ठेवून परत गेला.

पाडा म्हणतो, हौशीनं पंप मारला. दिवे आता तिच्याकडं कुणी आणत नाही. झिऱ्यावर ती सगळ्यांच्या आधी जाते, पहिला हंडा कोंडीचा भरते, मग घरचा. परतताना वाटेत प्लेटा लागतात, ऊन खात पडलेल्या. तिकडं बघत नाही.

मी पण आता तिला चिडवत नाही.