जिल्ह्यापुरती सून

विरारला राहून मुंबई न पाहिलेली एकच बाई माझ्या माहितीत आहे, ती म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या शैलावहिनी. आमच्या मजल्यावरचा माणूसन् माणूस सकाळी मुंबईला पळायचा. मीही चर्चगेटला नोकरीला. वहिनी नव्याने राहायला आल्या तेव्हा मी आपलं सहज म्हटलं, "रविवारी चला, दादरला साड्या बघू." त्या हसल्या. म्हणाल्या, "मला इजाजत नाही, ताई." मला वाटलं, नवरा कडक असणार. मनातल्या मनात दिवेकरभाऊंना चार शिव्याही घालून झाल्या. नंतर कळलं, इजाजत नवऱ्याची नाही, सरकारची लागत होती.

शैलावहिनी कराचीच्या. म्हणजे मूळ रत्नागिरीकडच्याच; आजोबा गोदीत कामाला म्हणून कराचीला गेले आणि फाळणी झाली तेव्हा तिथेच राहिले. घरात मराठी, देव्हाऱ्यात गणपती, पासपोर्ट मात्र पाकिस्तानचा. वडील लहानपणीच गेलेले, आईची ही एकुलती एक. नात्यातून दिवेकरांचं स्थळ निघालं, मायलेकी व्हिसावर आल्या, इथल्या हॉलमध्ये लग्न लागलं आणि महिन्याभरात आई एकटीच परत गेली. वहिनींना राहायची परवानगी मिळाली ती ठाणे जिल्ह्यापुरती. विरार तेव्हा त्याच जिल्ह्यात. म्हणजे मीरा रोडपर्यंत यांचा संसार कायदेशीर, आणि पुढे मुंबईतल्या दहिसरला पाऊल पडलं की गुन्हा! दरवर्षी मुदत वाढवायला ठाण्याला जायचं. आपण दादरला गाडी बदलून जातो; हे दोघं घोडबंदरच्या रस्त्याने एसटीत धक्के खात जायचे, कारण दादर मुंबईत. मला असा संताप यायचा! वहिनीच मला समजवायच्या, "चिडू नका हो. मी मुक्कामाची पाहुणी. पाहुणीने घरच्यांच्या रीतीने वागावं."

बोलणं गोड आणि जरा जुन्या वळणाचं. आम्ही "टाइम नाही" म्हणायचो, त्या "फुरसत नाही" म्हणायच्या. बिल्डिंगच्या गणपतीत आम्ही आरतीचं पहिलं कडवं मोठ्याने म्हणून पुढे नुसते ओठ हलवायचो; वहिनींना सगळी कडवी पाठ. क्रिकेटची मॅच असली की जिन्यात कुणीतरी हटकून टोचायचं, "काय वहिनी, आज कुणाकडून?" त्या शांतपणे म्हणायच्या, "हरेल त्याच्याकडून. जिंकणाऱ्याकडून काय, सगळेच असतात." चौकशीला हवालदार यायचा, त्यालाही आधी चहा मिळायचा. मी असते तर मेल्याला दारातूनच वाटेला लावला असता.

लग्नाला काही वर्षं झाली, पदरात मुलगी आली आणि पासपोर्टची मुदत संपत आली. आता दोनच वाटा होत्या. तो नवा करून घ्यायचा, म्हणजे पाकिस्तानीच राहायचं, पण कधीतरी आईला भेटायची आशा. नाहीतर इथलं नागरिकत्व मागायचं. त्यासाठी इथे सलग राहावं लागतं. मध्ये देशाबाहेर गेलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय एकदा गेल्यावर परतीचा व्हिसा मिळेलच याचा भरवसा नाही. दिवेकरभाऊ वसईच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, देवमाणूस. कुठल्याही संकटावर त्यांचं एकच, "होईल हो, होईल." पण त्या रविवारी ते आमच्याकडे बसले होते आणि एकदम म्हणाले, "मीच जाऊन राहतो कराचीला, मग तर झालं?" वहिनी म्हणाल्या, "तिकडे तुम्ही परके, इकडे मी परकी. घरात एकाचा तरी देश धड असू द्या."

शेवटी फोनच्या बूथवरून आईलाच विचारलं. आई म्हणाली, "दिल्या घरची हो." वहिनींनी नागरिकत्वाचा अर्ज केला.

आणि पुढच्याच हिवाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. त्याच सुमारास दोन्ही देशांचं बिनसलं. सीमेवर सैन्य, गाडी बंद, बस बंद, विमानं बंद. दुबईवरून जाता आलं असतं, जुन्या पासपोर्टचे थोडे महिनेही उरले होते, म्हणून दोघं ठाण्याला विचारायला गेले. तिथला साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, जायला मी अडवत नाही. पण परत यायचं मी काही सांगू शकत नाही." वहिनींनी बॅग भरली. मुलगी बॅगेवर चढून बसली, म्हणाली, मी पण येणार. तिचा पासपोर्टच नव्हता, आणि असता तरी तिला तिकडे कोण घेणार होतं? वहिनींनी बॅग रिकामी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा भरली. मी बघत होते. सल्ला द्यायला माझ्याइतकी पुढे कोणी नसेल, पण काय सांगणार हो? जा म्हणावं तर संसार मोडेल, नको म्हणावं तर जन्माचं पाप. दिवेकरभाऊही "होईल" म्हणेनासे झाले.

कराचीत शेजारी मामा होता. वहिनी फोन करायच्या, तो म्हणायचा, "बरी आहे, झोपली आहे." असं कितीदा तरी. एकदा वहिनींनी हट्टच धरला, उठव म्हणाल्या. तेव्हा मामा रडायला लागला. आईला जाऊन पंधरवडा उलटला होता, तेरावंही त्यानेच उरकलं होतं. म्हणाला, "तुला सांगून काय करू पोरी? येता येणार नव्हतंच, नुसती तळमळली असतीस."

वहिनी घरी आल्या आणि सुतकाचं विचारू लागल्या. दिवेकरांची आत्या जवळच्याच वटार गावात दिलेली, ती धावत आली होती. तिने हळूच सांगितलं, "लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस गं. तेही कधीच सरले. आता नुसती डोक्यावरून आंघोळ करायची." आमच्याकडे पाण्याची बोंब, टँकर आलेला नव्हता. आम्ही प्रत्येक घरातून एकेक बादली त्यांच्या मोरीत नेऊन ठेवली. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. आम्ही बायका बाहेर भिंतीला टेकून उभ्या होतो. रडण्याचा आवाज शेवटपर्यंत आला नाही, आणि मला तेच सोसवेना. ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं." आईचं एवढंच त्यांच्या हाताने झालं.

दीड-दोन वर्षांनी नागरिकत्व मिळालं. दिवेकरभाऊंनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले, लहान मुलासारखे नाचत होते. मीही वहिनींना मिठी मारली. त्या ताट खाली ठेवून माझ्याजवळ बसल्या.

"ताई, आता मी तिकडे गेले, तर मला परत येऊ देतील ना?"

"न देऊन सांगतात कुणाला? आता तुम्ही इथल्याच!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "मग आता जाऊ कुणाकडे?"