केशरबाईची तुंबलेली शीर

केदारखेड्याच्या केशरबाईचा आवाज नदीपलीकडं ऐकू जायचा. नवरा तातेराव लांबच्या शेतात असला तरी ती दारातूनच त्याला जेवायला हाक मारायची, आणि मधल्या शेतांतली माणसंही आपापल्या भाकरी सोडून जेवायला बसायची. भांडणात तिच्यापुढं टिकेल अशी सगळ्या गावात एकच बाई होती, शेजारची कमरबी.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी केशरबाई ज्वारी पाखडत बसली होती. तातेराव समोर येऊन उभा राहिला आणि तिला त्याच्या डोक्यावर कावळा दिसला. तिनं हातातलं सूपच फेकून मारलं.

"अगं, मी काय केलं?" तातेराव कपाळ चोळत म्हणाला.

"तुमच्यावर कावळा बसला व्हता!"

कावळा काही उडेना. ती भिंतीकडं वळली, कावळा भिंतीवर. चुलीकडं वळली, चुलीवर. उजवा डोळा झाकला की तो गायब. डावा झाकला की पुन्हा हजर, आणि तातेरावाला तोंडच नाही, नुसती बंडी बोलून राह्यली!

मग दोघं एस.टी.नं जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, अंधार करून बत्तीच्या उजेडात बराच वेळ आत पाहिलं.

"मावशी, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताची एक शीर तुंबलीय. तिच्यातून रक्त झिरपलंय. तोच तुमचा कावळा."

मग दंडाला पट्टा गुंडाळला. पारा असा चढला की डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "यांना राग फार येतो का हो?"

तातेरावानं बायकोकडं पाहिलं. "साहेब, मला हिच्यासंगंच घरी जायचंय."

"मंग काढून टाका ती शीर," केशरबाई म्हणाली.

"याला ऑपरेशन नाही, मावशी. काहींची नजर सहा-आठ महिन्यांत बरीच परत येते, काहींची निम्मी, काहींची येतच नाही. तुमचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण दुसरा डोळा सांभाळायचा तर ब्लडप्रेशर खाली पाहिजे. गोळी रोज. मीठ कमी. ओझं उचलायचं नाही, ओरडायचं नाही."

"भांडायचं बी न्हाई?"

डॉक्टरांना दया आली असावी. "भांडा, पण हळू."

केशरबाईनं ते मनावर घेतलं. घरात कालवण अळणी झालं, तेही सगळ्यांसाठी. त्याच आठवड्यात कमरबीच्या बकरीनं केशरबाईनं वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या. केशरबाई ताडताड चालत गेली, कमरबीच्या कानाला तोंड लावलं आणि तिच्या सात पिढ्यांचा हळू आवाजात उद्धार केला.

"क्या बोलती? जरा बराबर बोल," कमरबी म्हणाली. तिला निम्मंच ऐकू आलं होतं.

केशरबाईनं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आता कुजबुजणाऱ्या बाईवर ओरडायचं कसं? कमरबीनंही तिच्या कानाला तोंड लावलं. पाय दुखायला लागले तेव्हा दोघी बाजेवर बसल्या. भांडण चालूच होतं, म्हणून कमरबीनं चहा टाकला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, या दोघी मिळून गावाविरुद्ध काहीतरी शिजवून राह्यल्या. सरपंच दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

तातेराव मात्र खंगला. पहिले चार दिवस त्याला शांततेचं सुख वाटलं. पण दुपारची हाक नसल्यामुळं तो उपाशी राहायचा आणि घरी आला की अळणी कालवण.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं. भिंतीवर तीन दातांच्या फण्या काढलेला तक्ता होता; फणीचे दात कुठल्या बाजूला ते बोटानं दाखवायचं. पहिल्यांदा तिला उजव्या डोळ्यानं सगळ्यात मोठी फणीही दिसली नव्हती. आता चौथी ओळ जमली. "निम्म्याहून जास्त नजर आली," डॉक्टर म्हणाले. "एवढी सगळ्यांना येत नाही. थोडा डाग मात्र राहील. आणि गोळी सोडायची नाही."

केशरबाईचा पाऱ्याच्या यंत्रावर एवढा विश्वास बसला की पुढच्या खेपेला तिनं कमरबीलाही ओढत जालन्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टा सोडला. "यांचं अगदी व्यवस्थित आहे."

"बिलकुल?" केशरबाईनं विचारलं.

"बिलकुल."

"अवं साहेब, ही माझ्याइतकीच भांडती!" ती तिथंच कडाडली. बाहेरच्या बाकावर डोळ्यात थेंब घालून बसलेले सगळे पेशंट एकदम उभे राहिले. कमरबी मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. केदारखेड्याला उतरेपर्यंत तिनं एस.टी.तल्या एकूण एक माणसाला आपलं ब्लडप्रेशर सांगितलं.